करंट लावा ना, मॅडम

अंगावरून वारं गेलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक फिजिओथेरपीला आले की पहिल्या आठवड्यातच विचारतात, "मॅडम, करंट लावा ना." माझं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं. करंटने हात येत नाही, हात कामाने येतो. पेशंट पडून राहतो, पट्टीखालचा स्नायू आपोआप उडतो, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी होतंय, आणि मेंदूला मात्र काहीच करावं लागत नाही. पडून घेतलेल्या करंटबद्दल माझं हे मत आजही तसंच आहे.

बदललं ते दुसरं मत, आणि ते जास्त खोल रुजलेलं होतं. पक्षाघाताच्या झटक्यानंतर हाताला जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, पुढे वाट पाहण्यात अर्थ नाही, असं मी मानत होते. त्याला आधारही होता. कोपनहेगनच्या 1994 च्या अभ्यासात 80 टक्के पेशंटच्या हाताची सुधारणा तीन आठवड्यांत आपल्या टोकाला पोचली होती आणि 95 टक्क्यांची नऊ आठवड्यांत. म्हणून वर्ष-दोन वर्षांनी कोणी आलं की मी खांदा आखडू नये म्हणून चार व्यायाम द्यायची आणि सांगायची, आता चांगल्या हाताने कामं करायला शिका. कबुतराच्या रक्ताच्या मालिशीपासून महागड्या पट्ट्यांपर्यंत आशेच्या नावाखाली किती घरं नागवली जातात हे मी पाहिलेलं आहे. त्यापुढे स्पष्ट बोलणं मला माणुसकीचं वाटायचं.

एप्रिल 2021 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ग्लासगो विद्यापीठाचे जेसी डॉसन तिचे प्रमुख लेखक. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या 19 केंद्रांत 108 पेशंट घेतले होते. रक्तपुरवठा तुटून झालेला झटका, आणि तोही नऊ महिने ते दहा वर्षं जुना. म्हणजे मी ज्यांना 'आता एवढंच' म्हणाले असते, नेमकी तीच माणसं. सगळ्यांच्या छातीत डाव्या बाजूला कातडीखाली पेसमेकरसारखं एक यंत्र बसवलं आणि त्याची तार मानेतल्या व्हेगस नसेभोवती गुंडाळली. अपस्मारासाठी अशी यंत्रं अमेरिकेत 1997 पासून मान्य आहेत. इथे मात्र ती हातासाठी वापरायची होती. अर्ध्या पेशंटना व्यायामाबरोबर नसेचा करंट दिला, उरलेल्यांना तेवढाच व्यायाम दिला पण करंट दिल्याचा फक्त आभास ठेवला. कोण कुठल्या गटात हे पेशंटला माहीत नव्हतं, हाताची तपासणी करणाऱ्यालाही नाही.

करंट हाताला लावायचाच नव्हता, या गोष्टीपाशी मी थांबले. व्हेगस ही मेंदूतून निघणारी दहावी नस, मानेतून खाली उतरून हृदय आणि पोटापर्यंत जाते. तिच्यातून वर गेलेला इशारा मेंदूच्या बुडाशी पोचतो आणि तिथून नॉरएड्रेनालिन, ॲसिटिलकोलिन अशी रसायनं मेंदूभर सुटतात. मेंदू नवं शिकतो तेव्हा जी लागतात, तीच ही. पेशंट कप उचलायला हात पुढे करतो, बोटं उघडतात, आणि त्याच क्षणी थेरपिस्ट बटण दाबते. करंट फक्त अर्धा सेकंद. पहिलीतल्या मुलाने अक्षर बरोबर काढलं की बाई तिथल्या तिथे पाठीवर थाप देतात, तसंच हे. थाप तासाभराने दिली तर ती कशाबद्दल हे मुलाला कळत नाही. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं. व्यायाम आटोपल्यावर दिलेल्या करंटचा तेवढा फायदा झाला नाही.

म्हणजे हा करंट कामाच्या जागी येत नाही, कामाला साथ देतो. माझी तक्रार ज्या करंटबद्दल होती त्याच्या हा अगदी उलट. पेशंटने हालचाल केलीच नाही तर बटण दाबायला काही उरतच नाही. आणि ते कधी दाबायचं हे पेशंटचं बोट बघत बसलेल्या माणसाने ठरवायचं.

सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एका बैठकीत तीनशेहून जास्त वेळा हालचाल. त्यानंतर घरी रोजचा व्यायाम, तेव्हा छातीवरून चुंबक फिरवून पेशंटने यंत्र स्वतः सुरू करायचं. हात मोजायला फुगल-मेयरची 66 गुणांची मोजपट्टी वापरली होती. सहा आठवड्यांनी करंटच्या गटात सरासरी 5 गुण वाढले, दुसऱ्या गटात 2.4. तीन महिन्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा सहा किंवा जास्त गुणांची, म्हणजे रोजच्या जगण्यात जाणवणारी सुधारणा करंटच्या गटात 47 टक्के लोकांत होती आणि दुसऱ्यात 24 टक्क्यांत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला मान्यता दिली.

सगळीकडे चर्चा झाली ती 47 ची. माझं मत मात्र हललं ते 24 मुळे. ज्यांना करंट मिळालाच नाही, ज्यांचा झटका नऊ महिने ते दहा वर्षं जुना, त्यांच्यातही जवळपास चौघांतला एक जण नुसत्या नेटाच्या व्यायामावर सुधारला होता. कोपनहेगनची आकडेवारी खोटी नव्हती. पण तिने मोजलं होतं ते त्या काळच्या नेहमीच्या उपचारानंतर काय होतं एवढंच, आणि मी त्यालाच हाताची शेवटची मर्यादा समजत होते. नेहमीच्या उपचारात हात किती हलतो? अमेरिकेतल्या कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी 2009 च्या अभ्यासात हे प्रत्यक्ष बसून मोजलं होतं. एका बैठकीत हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी 32. कुठे 32 आणि कुठे 300! आपल्या ओपीडीत एका पलंगाशेजारी चार जण ताटकळत असतात. तिथला आकडा मोजायची कोणाची हिंमत होणार?

माझ्याकडे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका येतात. झटका येऊन बरीच वर्षं झालेली. उजवं मनगट आत वळलेलं, मूठ इतकी घट्ट की तळव्यात नखांचे चंद्रकोरी वण. काकू रोज एकेक बोट सोडवून घाम पुसतात आणि खोबरेल लावतात. त्यांना काय हवंय असं विचारलं तेव्हा ते जेवणाबद्दल बोलले नाहीत, सहीबद्दलही नाही. डाव्या हाताने त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं फाकवली आणि म्हणाले, "इथं नोटा धरायचो मी. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या वेगवेगळ्या." गच्च भरलेल्या गाडीत बोटांच्या बेचक्यात घडी केलेल्या नोटा धरून तिकीट फाडणारा तो हात आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे.

त्यांची बोटं जेमतेम उघडायची, पण उघडायची. आम्ही कागदाच्या घड्या केल्या आणि मोजायला लागलो. तीनशे एका दमात होत नाहीत, खांदा दुखतो, मूठ पुन्हा आवळते. म्हणून दिवसाचे तुकडे पाडले, मोजदाद काकूंनी वहीत ठेवली. आज तर्जनी आणि मधल्या बोटात घडी राहते, चालायला लागलं की पडते. अंगठा अजून हट्टी आहे. पूर्वीच्या माझ्या हिशेबात हे घडणारच नव्हतं.

मुलाने मोबाइलवर दाखवलं म्हणून काकांनी विचारलं, "मॅडम, ते गळ्यातलं मशीन मला बसवता येईल का?" पूर्वी मी 'नादी लागू नका' म्हणून विषय संपवला असता. आता मी खरं काय ते सांगितलं. ही शस्त्रक्रिया आहे. चाचणीत एका पेशंटची स्वरतंतूची नस त्यामुळे काही काळ दुबळी झाली होती, पुढे बरी झाली. मेंदूत रक्तस्राव झालेले लोक त्यात घेतले नव्हते, आणि ज्यांचा हात अगदीच लुळा आहे त्यांच्याबद्दल ही चाचणी काही सांगत नाही. खर्च माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांना झेपणारा नाही. पण उपचार खरा आहे. उद्या तो आपल्या आवाक्यात आला तर मी स्वतः चिठ्ठी देईन.

तोवर मोजदाद थांबवायची नाही, आणि ती एकट्या काकूंवर सोडूनही चालणार नाही. घरच्यांना शिकवून पाठवलं की भागेल, ही आपल्या व्यवस्थेची आवडती सोय आहे. भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटवर झालेल्या 'अटेंड' चाचणीने 2017 मध्ये दाखवलं की नेहमीच्या उपचाराला घरच्यांच्या शिकवणीची जोड देऊनही सहा महिन्यांनंतरचं परावलंबन कमी होत नाही. शिकलेलं, सवड असलेलं माणूस पेशंटच्या हाताशी बसायला हवं, जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या गावीसुद्धा. बटण असो वा नसो, बोट कधी उघडलं हे बघायला कोणीतरी लागतंच.

झटका किती जुना हे मी केसपेपरवर अजूनही लिहिते, पण तेवढ्यावरून कोणाला परत पाठवत नाही. त्याखाली आता दोन ओळी जास्त असतात : बोटं किती उघडतात, आणि एका बैठकीत किती वेळा.