पालथा हिरा

हिऱ्याचा रंग पाहायचा तर तो पालथा घालावा लागतो. सपाट माथा खाली, टोक वर, पांढऱ्या कागदाच्या घडीत. सरळ ठेवला की पैलूंचा लखलखाट नजरेला फितवतो. बाजूने पाहिलं की खरी झाक कळते. शेजारी रंग ठरवून घेतलेले नमुन्याचे खडे. डी म्हणजे बिनरंगी, तिथून झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो. खिडकीतल्या उन्हात मी रंग ठरवत नाही. पुष्कळ हिरे अतिनील किरणांत निळसर उजळतात आणि ते निळेपण पिवळी झाक झाकून टाकतं.

हा पिवळेपणा नायट्रोजनचा. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत कार्बनच्या काही जागा नायट्रोजनने घेतलेल्या असतात. हे अणू सुटे राहिले तर खडा गर्द पिवळा होतो. पण जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल, कोट्यवधी वर्षं उष्णता सोसताना ते हळूहळू सरकतात, जोडीने बसतात, पुढे एका रिकाम्या जागेभोवती चौघे जमतात. या जोड्या आणि चौकड्या दिसणारा प्रकाश अडवत नाहीत. तिघांचा गट मात्र जांभळा प्रकाश शोषतो, म्हणून फिकी पिवळी झाक उरते. ते निळं उजळणंही बहुधा याच तिघांचं. म्हणजे पांढऱ्याशुभ्र हिऱ्यातही भरपूर नायट्रोजन असू शकतो! इतकी वर्षं पुड्या उघडतो आहे, तरी या गोष्टीचं नवल ओसरलेलं नाही.

नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे शेकडा एक-दोनच. कोहिनूर त्यांतला. वॉशिंग्टनला असलेला ४५.५२ कॅरटचा होप निळा आहे तो बोरॉनमुळे. दहा लाखांत एखादा अणूही त्याला पुरतो. असे निळे हिरे सहाशे साठ किलोमीटरपेक्षाही खोल घडले असावेत, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. गुलाबी हिऱ्याला बहुधा परका अणू लागतच नाही. प्रचंड दाबाने स्फटिकाचे थर सरकतात आणि रंग येतो. हिरवा रंग किरणोत्सर्गाचा. तो बहुतेकदा वरच्या कातडीपुरताच असतो, म्हणून जाणता कारागीर पैलू पाडताना कडेला थोडी मूळ साल राखतो. ड्रेस्डेनचा ४१ कॅरटचा हिरवा हिरा आतपर्यंत हिरवा आहे, हे त्याचं मोठेपण.

बाजाराचा न्याय मला पटत नाही. जे, के अक्षरांच्या खड्यांचा भाव किंचित पिवळेपणामुळे पडतो आणि तोच पिवळा झेडच्या पलीकडे गेला की ‘फॅन्सी’ म्हणून मिरवतो. कुड्या करायला कुणी आलं, की मी जे-के रंगाचे खडे पुढे ठेवतो. पिवळ्या सोन्याच्या कोंदणात ती झाक सोन्यातच मिसळून जाते. वाचलेल्या पैशांत घाट चांगला घ्या, असं सांगतो. लखलखाट घाटाचा असतो.