आकडा पुसलेली सुई

माझ्या वितीला चार बोटं कमी, एवढीच तिची उंची. अंग पोलादाचं, पण वजन नाहीच म्हणायचं. टोकाला बारीकशी चोच, चोचीखाली आत गेलेला गळा आणि मधोमध, जिथे अंगठा टेकतो तिथे, चपटी केलेली कंबर. त्या चपट्या जागेवर कधीकाळी आकडा कोरलेला होता. आईच्या अंगठ्याने चाळीस वर्षं घासून तो पुसून टाकला. आता तिथे फक्त एक गुळगुळीत खळगा आहे. दोऱ्याच्या दुकानात 'कितीची सुई वापरता?' असं विचारलं की मला सांगता येत नाही. मी पिशवीतून तीच काढून समोर ठेवते.

ही आईची क्रोशाची सुई. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहानसा आकडा, पण आमच्या घरी तिला कुणी आकडा म्हटलं नाही, हुकही म्हटलं नाही. 'माझी सुई कुठंय?' एवढंच आई विचारायची आणि शिवायच्या, गोधडीच्या, विणायच्या अशा घरातल्या सगळ्या सुयांमधून कोणती ते सगळ्यांना कळायचं.

तिचा स्वभाव विणायच्या सुयांहून वेगळा. स्वेटराच्या दहा नंबरच्या सुया शंभर-सव्वाशे टाके अंगावर घेऊन असतात. त्यातला एक निसटला की उसवत थेट खालच्या पट्टीपर्यंत जातो. म्हणून विणणारी बाई म्हणते, 'थांब, एवढी ओळ होऊ दे.' क्रोशाची सुई एका वेळी एकच टाका धरते. साखळी असो, मुका खांब असो की खांब, काम झालं की सुईवर उरतो एकच वेढा. तो ओढून चार बोटं लांब करा, सुई काढून घ्या, बाकीचं काम जसंच्या तसं राहतं. कुठल्याही क्षणी ती तुम्हाला सोडायला तयार असते. तिचा हा गुण मला फार उशिरा कळला, पाठीने पुरता दगा दिल्यावर.

आई चिपळूणच्या घराच्या ओटीवर बसायची. पाठीशी लाकडी खांब, एक पाय लांब, एक पाय दुमडलेला. खांबाला टेकून आई खांब विणायची. दाराचं तोरण, रेडिओवरचा रुमाल, मावशीच्या रुखवतातले ताटांवरचे झाकणरुमाल, भाचरांच्या बाळंतविड्यातली टोपडी, सगळं त्या एका खांबाशी झालं. ती टाके मोजत असताना आम्ही हाक मारायची नाही, असा घरचा नियम होता. मारलीच तर ती डाव्या हाताचं बोट वर करायची. बोट खाली आलं की बोलायचं. पण मोजणं संपलं की ती उठायचीच. दूध उतू जायचं, चुलीवरचा भात बघायचा असायचा, दारात भाजीवाली यायची. एका जागी अर्धा तास बसलेली आई मला आठवत नाही. तेव्हा आम्हाला वाटायचं, बिचारीला धड बसून विणताही येत नाही.

मला मात्र धड बसून विणता यायचं. मुलं मोठी झाली, नोकरी संपली, घरात मऊ सोफा होता, समोर टीव्ही. आईमागे सुई माझ्याकडे आली तेव्हा मी तिला पोटभर वेळ दिला. दुपारी जेवण झालं की बसायचं ते दिवेलागणीला उठायचं. भाचीच्या बाळासाठी बाळंतविडा काढला होता. पांढरा बारीक दोरा, झबल्याच्या गळ्याला शिंपल्यांची कड. तीन आठवडे मी सोफ्यात रुतून, मांडीवर काम घेऊन, मान खाली घालून बसले. झबलं झालं, टोपडं झालं. मोज्यांची जोडी व्हायच्या आत एका सकाळी बादली उचलायला वाकले आणि कमरेतून कळ निघाली ती डाव्या टाचेपर्यंत गेली. बादली तिथेच राहिली. मला भिंत धरून पलंगापर्यंत जायला दहा मिनिटं लागली.

तपासण्या झाल्या. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली होती. मी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मी काय करते ते विचारलं आणि म्हणाले, 'विणकाम बंद.' कसं बसता, किती वेळ बसता, यातलं काही विचारलं नाही. मी घरी येऊन सुई बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, वर अर्धा मोजा ठेवला आणि झाकण लावलं. चार महिने डबा उघडला नाही.

त्या चार महिन्यांबद्दल मला नीट सांगायचं आहे, कारण ज्याच्या हातात सुई नाही त्याला ते क्षुल्लक वाटतं. दुखणं होतंच, पण रिकाम्या हातांनी ते दुप्पट झालं. दुपार संपता संपेना. हात पदराची कड चिमटीत धरून बसायचे. भाचीचं बाळ बारशाला विकतच्या मोज्यांत आलं. कुणी काही म्हटलं नाही, पण मी त्या पायांकडे बघू शकले नाही. ज्या बाईचे हात पन्नास वर्षं काही ना काही करत आले, तिला 'आता आराम करा' म्हणणं म्हणजे निम्मं माणूसच काढून घेणं.

मग व्यायामासाठी एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे जायला लागले. वय असेल सव्वीस-सत्तावीस. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'काकू, उद्या तुमचं विणकाम घेऊन या. बसता कशा ते मला बघायचंय.' मी डबा घेऊन गेले. अर्धा मोजा काढला, सुई घातली आणि विणू लागले. तिने बाजूने फोटो काढला आणि मला दाखवला. माझी पाठ कोयतीसारखी वाकली होती. हनुवटी छातीला लागलेली, खांदे कानांशी. ती म्हणाली, 'काकू, सुई एवढीशी, आणि तुम्ही सगळ्या तिच्यापर्यंत खाली जाताय. तुम्ही जाऊ नका. तिला वर बोलवा.'

तिने सांगितलं ते मी पुढे वाचूनही घेतलं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या मागच्या स्नायूंवर येतो. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारी सुई घातली आणि पाहिलं, की पुढे वाकून बसल्यावर चकतीतला दाब उभं राहण्यापेक्षा बराच जास्त असतो. मला ते वाचून नवल वाटलं. एक सुई माझ्या पाठीला वाकवत होती आणि दुसऱ्या एका सुईने ते वाकणं किती महाग पडतं ते मोजून ठेवलं होतं. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. आपण उठतो, बसतो, चालतो तेव्हा दाब कमीजास्त होतो आणि तिला पोषण मिळतं. दूध उतू जातंय म्हणून उठणारी आई स्वतःच्या पाठीला दिवसातून वीस वेळा जेवू घालत होती.

सुईला वर बोलवायचं म्हणजे काय, ते शिकायला मला दोन महिने लागले. सोफा सोडला. जेवणाच्या टेबलाची ताठ पाठीची खुर्ची घेतली, कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची गुंडाळी, पाय जमिनीला पुरते टेकलेले. मांडीवर दोन उश्या, उश्यांवर कोपरं. आता काम छातीसमोर येतं आणि हातांचा भार खांद्यांना पेलावा लागत नाही. दोऱ्याचा गुंडा पायाशी गडगडायचा, तो उचलायला मी कंबर वळवून वाकायची. आता तो शेजारच्या स्टुलावर पातेल्यात असतो.

चष्म्याची गोष्ट मात्र कुणी सांगितली नाही, ती माझी मलाच सापडली. चाळिशीचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो. काम मांडीवर ठेवलं की ते त्याहून लांब जातं, टाका धूसर दिसतो आणि डोळे मानेला खाली ओढतात. पांढऱ्या दोऱ्यावर संध्याकाळच्या उजेडात तर फारच. मी चष्मेवाल्याकडे सुई नेली, जिथे धरते तिथे धरून दाखवली आणि तेवढ्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला. मागून डाव्या खांद्यावरून दिवा घेतला. निम्मी मान तिथे सुटली, असं मी छातीठोकपणे सांगते.

सुईलाही थोडं बदलावं लागलं. बारीक पोलाद घट्ट धरावं लागतं आणि मूठ घट्ट झाली की खांदा वर चढतो. नातीने तिच्या पेन्सिलीवरचं रबराचं ग्रिप आणून दिलं, 'आजी, हे घाल, बोट दुखत नाही.' मी महिनाभर घातलं नाही. आईच्या अंगठ्याची जागा त्याखाली झाकली जात होती. शेवटी एका दुखऱ्या दुपारी सुईच्या अंगावर दोरा गुंडाळला आणि त्यावर ते निळं रबर चढवलं. खळगा आत आहे, मला ठाऊक आहे. हात सैल राहतो.

मोठं काम एका तुकड्यात करायचं मी सोडलं. पलंगपोस वाढत गेला की त्याचं वजन मनगटाला आणि पाठीला ओढत राहतं. आता तळहाताएवढे चौकोन करते आणि शेवटी टेबलावर पसरून जोडते. स्वेटराला लांब सरळ सुयांऐवजी गोल सुई घेतली, दोन आखूड टोकं मधल्या वायरीने जोडलेली. विणलेलं कापड वायरीवर सरकून मांडीत बसतं, सुईच्या टोकाला लोंबत नाही. बायांनो, एवढा एक बदल जरूर करून बघा.

या सुईच्या कुळाने जगभर घरं तगवली आहेत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस करून पोटं भरली. आपल्याकडे आंध्रात नरसापूरच्या बायकांना एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम शिकवलं आणि २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी १९८२ मध्ये या बायकांवर पुस्तक लिहिलं. दिवसाचे सहा-आठ तास त्या लेस करत, तरी त्यांना गृहिणी म्हणत आणि त्यांच्या कामाला फावल्या वेळातला विरंगुळा. खरं क्रोशाकाम आजही यंत्रावर होत नाही. बाजारात दिसणारा प्रत्येक खरा खांब कुणाच्या तरी बोटांतून आणि कुणाच्या तरी पाठीतून आलेला असतो. तो रुमाल घासाघीस करून घेताना मला आता लाज वाटते.

दुखणं गेलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. थंडीत आणि लांबच्या प्रवासानंतर पाय भरून येतो. वाईट दिवशी तीन ओळी होतात, कधी एकही नाही. आणि कुणाच्या पायातली ताकद कमी वाटत असेल, जांघेत बधिरपणा आला असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर उश्या आणि टॉवेल करत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पण सुईचा एक स्वभाव मला बदलता आला नाही आणि तो बदलावा असं वाटतही नाही. ती भान हरपवते. पाच साखळ्या, तीन खांब, एक मुका खांब, पुन्हा पाच साखळ्या, असं मोजत गेलं की कळ मागे पडते. औषधाच्या गोळीने जे मिळत नाही ते तिथे मिळतं. धोकाही तिथेच आहे. पाठ थकल्याचं सांगत असते आणि ते ऐकायला कुणी जागेवर नसतं. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून पाहिला. तो बंद करून मी पुन्हा विणत बसते, कारण गजर माझ्याकडे काही मागत नाही.

आता मला उठवायचं काम नात करते. शाळेतून आली की गृहपाठाला माझ्या समोर बसते आणि थोड्या थोड्या वेळाने, 'आजी, पाणी दे.' मी बोट वर करते. बोट खाली आलं की टाका लांब ओढते, सुई काढून पातेल्यात ठेवते, उठते, कमरेवर हात ठेवून थोडी मागे वाकते आणि स्वयंपाकघरापर्यंत जाऊन येते.

तुमच्या घरात कुणी खिडकीशी मान घालून विणत बसलेलं असेल, आई, सासू, आत्या, कुणीही, तर तिची सुई काढून घेऊ नका. तिचं मोजणं होऊ द्या आणि मग हाक मारा.