अर्धा किलो ज्वारी आणि सिंहगड

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गड चढायचा म्हटले की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘आता हे वय आहे का?’ दुसरा म्हणतो, ‘आता नाही तर मग कधी?’ आमच्या घरी गेल्या नोव्हेंबरात दुसऱ्या पक्षात मी एकटीच होते. ज्यांनी गड चढायचा, ते हे स्वतःदेखील पहिल्याच पक्षाला जाऊन मिळाले होते.

यांचे वय 72. गेली चार वर्षे यांच्या दोन्ही हातांना कंप आहे. हा कंपवात नव्हे. कंपवातात हात बहुधा विसावलेला असताना थरथरतो. यांचा हात मांडीवर निवांत असतो आणि काही धरण्यासाठी उचलला की थरथरू लागतो. वैद्यकशास्त्रात याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात. सेकंदाला 4 ते 12 वेळा होणारी ही हालचाल जिवावर बेतणारी नसते. पण ज्या माणसाने तीस वर्षे हौसेने छायाचित्रण केले, दर जानेवारीत सिंहगडावरून तोरणा आणि राजगड टिपले, त्याच्या बाबतीत ती नेमकी जिव्हारी लागते. कॅमेरा जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात गेला. पुढे लग्नकार्यात पंगत बसली की ‘मला भूक नाही’ असे उत्तर येऊ लागले. वाटीतली आमटी सांडेल, ही धास्ती. त्या उत्तराची मला गडाच्या चढापेक्षा अधिक भीती वाटत होती.

तयारीला सहा आठवडे दिले. पहिली पायरी डॉक्टरांची. हृदयाचा आलेख आणि ‘टू-डी इको’ झाले, गुडघे पाहून झाले. यांना कंपासाठी प्रोप्रॅनोलॉलची गोळी चालू आहे. हिच्यामुळे श्रमातही नाडीची गती एरवीइतकी वाढत नाही. म्हणून मनगटावरच्या घड्याळात ठोके पाहून श्रमाचा अंदाज बांधू नका, असे डॉक्टरांनी बजावले. त्यांनी दिलेली कसोटी साधी होती. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले तर ठीक. शब्द तुटू लागले की थांबायचे. छातीत जडपणा आला किंवा डोके हलके झाले तर तेथूनच परतायचे. ही गोळी मनाने अचानक बंद करायची नसते आणि मधुमेह्यांनी विशेष सांभाळावे. कारण साखर उतरल्यावर जी धडधड होते, ती या गोळीमुळे जाणवेनाशी होऊ शकते.

मग पर्वती. पायऱ्या 103. पहिल्या आठवड्यात एकदाच वर, मध्ये दोन विसावे. तिसऱ्या आठवड्यापासून यांच्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या ठेवल्या. सामानाच्या वजनाची सवय गडावर पोहोचल्यावर करून भागत नाही. घरी दात घासताना बेसिनला एक हात लावून एका पायावर उभे राहायचे, कारण उतारावर तोल जातो तो दमामुळे कमी, घोट्यातल्या ढिलाईमुळे अधिक. आतकरवाडीपासून पुणे दरवाजापर्यंत सुमारे 600 मीटर चढ आहे. तो जमेल, पण उतार नको, हे मी आधीच ठरवले होते. उतरताना गुडघ्यांवर चढण्यापेक्षा जास्त भार येतो. सिंहगडाला गाडीरस्ता आहे आणि खाली येणाऱ्या जीपगाड्या मिळतात. ‘गड उतरताना जीप म्हणजे फसवणूक,’ असे हे म्हणाले. मी म्हटले, ‘अहो, चढायचे ठरले आहे, उतरण्याचा पण कुणी केला?’

पहाटेचा वाद मात्र खरा झाला. छायाचित्रकाराला सूर्योदय हवा असतो. आमची मुलगी ठाण्याहून फोनवर म्हणाली, ‘बाबा, अंधारात अजिबात निघायचे नाही.’ तिचे बरोबर होते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. आणि पहाटेचे तास हृदयाला तसेही जड जातात. पण यांचे समाधान झाले ते पंचांगाने. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात सूर्य भर दुपारीदेखील क्षितिजापासून जेमतेम 48 अंशांवर चढतो. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणजे थंडीत सकाळी नऊ-दहाचे ऊनही तिरपे आणि मऊ असते, डोंगराच्या सोंडांना सावली देते. सात वाजता सूर्य उगवल्यावर चढायला लागलो तरी प्रकाश आपली वाट पाहतो, हे यांनीच मला समजावून सांगितले. तेव्हा मी ओळखले की हे पक्ष बदलत आहेत.

सामानाची गोष्ट थोडी लांबवते, कारण माझे मन त्यातच रमले. जुना जड कॅमेरा घरी ठेवून मुलीचा पाऊण किलोचाही नसलेला कॅमेरा घेतला. त्यात हाताचा हलका धक्का सावरण्याची सोय होती. पण यांचा कंप तेवढ्याने भागणारा नव्हता. म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका वेग, एका दमात पाच छायाचित्रे आणि त्यांतले एक निवडायचे, असा बेत यांनी आखला. काठी अशी आणली की जिच्या मुठीखाली कॅमेरा बसवण्याचा स्क्रू असतो. चढताना ती आधार देते, थांबल्यावर कॅमेऱ्याचा पाय होते. शिवाय मी जुन्या खणाची एक पिशवी शिवून तीत अर्धा किलो ज्वारी भरली. तटाच्या दगडावर ती ठेवून कॅमेरा तिच्यात रुतवला की हातांना फक्त कळ दाबायचे काम उरते. मुलगी म्हणाली, ‘आई, लागलीच भूक तर भाकरीही करता येईल.’

थंडीने आणि थकव्याने कंप वाढतो, म्हणून मी अर्ध्या बोटांचे लोकरी हातमोजे विणले. कपडे तीन पातळ थरांचे, म्हणजे घाम आला की एक काढता येतो. घामाने भिजलेला स्वेटर वाऱ्यात फार छळतो. वय वाढले की तहान कमी जाणवते, थंडीत आणखीच कमी. म्हणून दर अर्ध्या तासाने चार घोट पाणी, तहान असो वा नसो. चहाने यांचा कंप वाढतो, त्यामुळे पायथ्याशी चहा बंद. सर्वांत कठीण अट हीच होती.

जानेवारीतल्या एका बुधवारी निघालो. रविवारी गडावर पाय ठेवायला जागा नसते. चढायला आम्हांला दोन तास चाळीस मिनिटे लागली. तरुण मुले ‘आजोबा, सावकाश’ म्हणत पुढे गेली. वर मडक्यातले दही खाल्ले. मग तटावर ज्वारीची पिशवी ठेवून हे दीड तास तोरण्याकडे तोंड करून बसले. एकूण 212 छायाचित्रे निघाली, त्यांतली 17 स्वच्छ. हे प्रमाण पूर्वी यांना लाजिरवाणे वाटले असते. त्या दिवशी त्यांनी ती सतरा दोनदा मोजली.

जीपमधून खाली उतरल्यावर हे सरळ टपरीकडे गेले. मी मागून पोहोचले, तेव्हा ते टपरीवाल्याला सांगत होते, ‘माझे हात थरथरतात, कप अर्धाच भरा.’