गॅलरीतला शरद

आमची गॅलरी दक्षिणेकडे तोंड करून आहे आणि जूनमध्ये तिथे ऊन येत नाही. यात ढगांचा दोष नाही. आभाळ कोरडं असतं तरी आलं नसतं. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य माथ्यावरून उत्तरेला कलतो आणि जुलैच्या अखेरीला परत माथ्यावर येतो. मधल्या काळात भर दुपारी तो इमारतीच्या पाठीमागे असतो. मग एकदा का तो दक्षिणेला उतरू लागला, की उन्हाची कड गॅलरीत शिरते. गणपतीत ती कठड्याच्या आतल्या अंगाला टेकलेली असते, पितृपंधरवड्यात पहिल्या कुंडीच्या काठापर्यंत येते, घटस्थापनेला फरशीवर उतरते आणि दिवाळीत उंबरठ्याकडे निघालेली असते. आमच्या घरी शरद असा फरशीवरून चालत येतो.

ऑर्किडची झाडं पाळली की ही कड बघायचा नाद लागतो. माझ्याकडची ऑर्किडची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. त्यांतल्या शरदात दिवस आखडतात, उजेड पातळ होतो. झाडं काचघरात न्या, खिडकीशी सरकवा, असं ती सांगतात. इथे नेमकं उलटं. तीन-चार महिने ढगांखाली काढलेल्या झाडांवर आश्विनात एकदम लख्ख उजेड पडतो. म्हणून पुस्तकातल्या महिन्यांवर काट मारून मी समासात आपली नक्षत्रं लिहून ठेवली आहेत: उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. शेतकऱ्याचं पंचांग ऑर्किडला जितकं चपखल बसतं तितकं परदेशी वेळापत्रक बसत नाही, हे माझं मत ऐकून लोक हसतात. हसोत.

हस्ताच्या पावसात खालच्या पार्किंगमधून भोंडल्याची गाणी ऐकू येत असतात आणि वर माझं गोगलगायींचं चौकीदारपण चालू असतं. रात्री टॉर्च घेऊन कुंड्यांच्या तळाची भोकं बघायची. कळीचं कोवळं टोक हा त्यांचा आवडता घास. फॅलेनोप्सिसच्या मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिलं तर गाभा कुजतो, तेव्हा कापसाच्या बोळ्याने ते टिपून घ्यायचं. हस्त सरला, चित्रा लागली, की काळजीची दिशाच बदलते. पारा बत्तीस-तेहतिसाच्या घरात, हवा कोरडी, आणि भाद्रपदाच्या मवाळ उजेडात वाढलेली पानं या उन्हाला अजून तयार नसतात. पान तळहाताने चाचपायचं. हाताला गरम लागलं तर हिरवी जाळी ओढायची. भाजलेल्या पानावर आधी पांढुरका चट्टा उठतो, मग तो तपकिरी होतो आणि पान गळेपर्यंत जात नाही.

पानांच्या रंगावरून पाहुण्यांचं आणि माझं जमत नाही. काळपट हिरवं पान बघून ते म्हणतात, "काय टवटवीत झाड आहे!" ते झाड उजेडाला भुकेलेलं असतं. फुलणाऱ्या झाडाचं पान पोपटीकडे झुकतं, जरा रोडावलेलंच दिसतं, आणि त्याची कुणी तारीफ करत नाही.

डेंड्रोबियमचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. लग्नाच्या स्टेजवर, हॉटेलातल्या काउंटरवर, गुलटेकडीच्या फुलबाजारात जुड्या बांधून पडलेली ती जांभळी, पोटात पांढरी फुलं, तोच हा सोनिया नावाचा संकर. श्रावण-भाद्रपदात त्याच्या कांड्या भराभर वाढतात आणि आश्विनात शेंड्याशी तुरे फुटतात. नखरा नाही, रुसवा नाही. नारळाचं सोडण, कोळसा, विटेचे तुकडे, एवढ्यावर त्याचा संसार चालतो. ज्याला ऑर्किडची भीती वाटते त्याने इथून सुरुवात करावी आणि हवं तर इथेच थांबावं.

खरी वाट पाहायला लावतं ते फॅलेनोप्सिस. भेट म्हणून येतं, दोन-तीन महिने फुललेलं राहतं, फुलं गळतात आणि मग लोक ते कचऱ्यात टाकतात किंवा ते पानं काढत वर्षानुवर्षं नुसतं बसून राहतं. त्याचं गणित रात्रीच्या गारव्याशी आहे. अठ्ठावीस अंशांच्या वर पारा टिकून राहिला की ते फुलाचा दांडा काढत नाही. दिवसा पंचवीसच्या आसपास आणि रात्री वीस किंवा त्याहून थोडं खाली असं काही आठवडे मिळालं की आतून हालचाल सुरू होते. मुंबईतल्या मैत्रिणीची तक्रार असते की तिचं झाड पानांनी गच्च आहे आणि फुलाचं नाव नाही. दिवाळीतसुद्धा तिथली रात्र घामट असते, त्याला झाड काय करणार? तैवानमधले बागायतदार याच कारणासाठी झाडं उचलून डोंगरावरच्या गारव्यात नेत असत. आता ते काम वातानुकूलित काचघरं करतात. पुण्यात हा डोंगर आपोआप खाली उतरतो. नोव्हेंबरात पहाटेचा पारा पंधराच्या आसपास येतो, दिवसाचं ऊन निवतं, आणि गॅलरीतली कुंडी घरात न घेता कठड्यापासून हातभर आत ठेवली की झालं.

मग एके दिवशी एखाद्या पानाच्या बगलेतून काहीतरी हिरवं डोकावतं. मूळ की दांडा? नव्याने ऑर्किड पाळणाऱ्याचे इथे चार-पाच दिवस बेचैनीत जातात. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, ओलसर चकाकणारं. ते पानाचा बुंधा फोडून कुठूनही निघतं आणि थोडं वाढलं की मागून रुपेरी होत जातं. दांडा पानाच्या बगलेतूनच येतो. त्याचं टोक किंचित चपटं, एका बाजूला छोटा उंचवटा असलेलं, बाळाच्या हातमोज्यासारखं दिसतं. अंगावर बारीक पेरं, प्रत्येक पेरावर एक पातळ पापुद्रा. मूळ बहुतेकदा खाली वळतं, दांडा उजेडाकडे. तो एकदा निघाला की कुंडी फिरवायची नाही. खोलीत शोभून दिसावी म्हणून कुणी ती रोज वळवली तर दांडा दर वळणाला उजेड शोधत वाकतो आणि शेवटी फुलं चारी दिशांना तोंडं करून उभी राहतात. निघाल्यापासून पहिलं फूल उमलेपर्यंत अडीच-तीन महिने जातात, म्हणजे कार्तिकात दिसलेल्या दांड्याची फुलं संक्रांतीनंतरची.

या थांबण्यात करमणूक होते ती मुळांची. ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखा मृत पेशींचा थर असतो, वेलामेन त्याचं नाव. कोरडं असताना तो हवेने भरलेला म्हणून मूळ पांढुरकं, चंदेरी. पाण्याचा फवारा पडला की थर पाणी शोषतो, पारदर्शक होतो आणि आतलं हिरवं वर येतं. समोर बसून बघावं: थेंब जिथे पडला तिथून हिरवं पसरत जातं आणि काही क्षणांत अख्खं मूळ रंग बदलतं. हे मूळ पानाचंही थोडं काम करतं, उजेडात अन्न बनवतं. म्हणून फॅलेनोप्सिसला पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडी बरी. पाणी कधी घालायचं हेही मुळांचा रंगच सांगतो. पावसाळ्यात आठ-आठ दिवस हिरवी राहिलेली ही मुळं आश्विनातल्या कोरड्या वाऱ्यात दुसऱ्या दिवशीच चंदेरी होतात. आणखी एक गंमत म्हणजे ही झाडं पानांची छिद्रं दिवसा मिटतात आणि रात्री उघडतात, रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात. दिवसाच्या उन्हात पाणी उडू नये म्हणून केलेली ही सोय. आपण झोपतो तेव्हा गॅलरीतला श्वासोच्छ्वास सुरू होतो.

आणि मग निळी वांदा. मधोमध उभा दांडा, दोन्ही बाजूंना पट्ट्यांसारखी पानं, लाकडी टोपलीतून हातभर लोंबणारी उघडी मुळं. ना माती, ना सोडण. माझ्याकडची रॉथशिल्डियाना, 1931 साली नोंदलेला संकर. तिची एक बाजू फिलिपिन्सची, दुसरी आपल्या ईशान्येची. खासी टेकड्यांतली मूळ निळी वांदा शरदातच फुलते. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर 1850 साली त्या टेकड्यांत हिंडला. ओकच्या खुरट्या झाडांवर, वाऱ्यात आणि उघड्या उन्हात डोलणारे तिचे निळे तुरे त्याने पाहिले, आणि इंग्लंडातले माळी तिला कोंदट, गरम काचघरात ठेवून मारतात हेही त्याने नोंदवून ठेवलं. एवढं कळूनही त्याने लंडनच्या क्यू बागेसाठी सात हमालांची ओझी भरून ती झाडं काढलीच. त्यांतली थोडीच इंग्लंडला जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने आपला माळी हूकरसोबत जागा पाहायला पाठवला होता. त्याने धाडलेलं एका माणसाचं ओझं वाईट अवस्थेत पोचूनही तीनशे पौंडांना गेलं. प्रेम आणि ओरबाडणं एकाच माणसाच्या हातात इतकं शेजारी शेजारी असू शकतं, याचा मला हूकर वाचताना दर वेळी राग येतो आणि तरी मी त्याचं वर्णन पुन्हा वाचते.

जंगलातून ओरबाडण्याला तेव्हा एक कारण होतं. ऑर्किडचं बी धुळीएवढं, त्यात पुढच्या रोपासाठी शिदोरीच नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. 1922 साली लुइस क्नुडसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने साखर आणि क्षार घातलेल्या काचपात्रात, बुरशीशिवाय, हे बी रुजवून दाखवलं. आज रोपवाटिकेतलं झाड प्रयोगशाळेच्या बाटलीतून येतं ते त्यामुळे. खासीतली निळी वांदा पुढे इतकी विरळ झाली की वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत ज्या मोजक्या वनस्पती घातल्या गेल्या, त्यांत तिचं नाव घालावं लागलं. डोंगरात रस्त्याकडेला कुणी ऑर्किडचे जुडगे विकायला बसलेलं दिसलं तर घेऊ नये, एवढं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते.

तर ही वांदा. तिचं फूल उमलतं तेव्हा फिकट, लहान असतं. उघडल्यावरही ते वाढत राहतं. चार-सहा दिवसांत पाकळ्या रुंदावतात, निळा रंग भरत जातो आणि त्यावर गडद रेघांची जाळी स्पष्ट होते. पहिल्या दिवशी फोटो काढून मोकळं होणाऱ्यांना हे कळत नाही.

कणकवलीकडच्या मावशी नवरात्रात आमच्याकडे आल्या. टोपलीकडे बघत म्हणाल्या, "अगं, ह्याला तू पैसे मोजलेस? आमच्या आंब्यांवरून गडी काढून फेकतात हे बांडगूळ." मी त्यांना बसवून सांगितलं, की आंब्याचा रस शोषणारं बांडगूळ वेगळं; नारिंगी नळीसारख्या फुलांचं, फांदीच्या आत शिरलेलं. आमरी, म्हणजे ऑर्किड, नुसती सालीवर बसते. पाऊस, धुकं आणि पालापाचोळा यांवर जगते. मावशींनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग ती पावसाळा सरला की मरते का? आमच्या परसातल्या आंब्यावर नुसत्या सुकलेल्या कांड्या उरतात." प्रश्न फार नेमका होता. त्या बहुधा डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या कांड्या. पाऊस थांबला की ते पानं टाकतं, उघड्या कांड्यांवर थंडी काढतं आणि पुढे त्याच वाळक्या दिसणाऱ्या कांड्यांवर पांढरे घोस येतात. कोकणातला गडी शरदात झाडं साफ करतो तेव्हा ते सगळ्यात मेलेलं दिसत असतं, आणि म्हणून सगळ्यात आधी तेच जातं. मावशींनी यंदा फोनवरून परसातलं झाड तसंच ठेवायला सांगितलंय. गडी म्हणे हसला.

पाणी तोडायचं ते अशा पानं टाकणाऱ्यांचं. वांदाला मात्र रोज सकाळी भिजवायचं. खताचं सांगायचं तर पावसाळाभर 19:19:19 अगदी पातळ करून, आणि आश्विनापासून मधूनमधून 0:52:34. दोन्ही कृषी सेवा केंद्रात मिळतात. तिथला पोरगा दर वर्षी विचारतो, "मॅडम, द्राक्षं का?" ऑक्टोबरची छाटणी करून आलेले बागायतदार पोत्यांनी तेच नेत असतात. "नाही, फुलं," म्हटलं की तो पावशेराची पुडी शोधायला आत जातो.

दिवाळीत वांदाचा बहर असतो तेव्हा टोपली गॅलरीतून आणून दिवाणखान्यात टांगायची, हा आमचा रिवाज. फटाक्यांचा धूर कळ्यांना मानवत नाही, म्हणूनही. पण धुरातून वाचवलं तरी घरात दुसरा शत्रू असतोच. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने न उमललेल्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. यंदा लक्ष्मीपूजनाला सासूबाईंनी पिकल्या वेलची केळ्यांचा अख्खा घड पाटावर मांडला, बरोबर टोपलीखाली. मी कारण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "देवापुढचं फळ हलणार नाही. तुझं फूल हलव." टोपलीचा हुक तर छताला एकाच जागी. शेवटी आरती झाल्याबरोबर प्रसादाच्या नावाखाली मुलांना बोलावलं, शेजारच्या दोन घरांतल्यांनाही बोलावलं, आणि रात्री जेवणाआधी घडाची नुसती दांडी उरली.