संकेतार्थातील राष्ट्र

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते, अशी म्हण मराठीत आहे. घडून गेलेल्या गोष्टीविषयी 'जर–तर'ची भाषा करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी ती वापरली जाते. परंतु ज्या भाषेत 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच रूढ झाला, त्या भाषेच्या समाजाला संकेतार्थाचा मोह कधी सुटलेला नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणात नाहीसे झाले. त्यानंतर त्यांचे नाव धारण करणारा तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्ताची शिक्षा झाली. राजकारणाच्या दृष्टीने ते बंड होते. त्याच्यामागे जाणाऱ्या सामान्य माणसांच्या दृष्टीने मात्र ती न घडलेल्या इतिहासावरची श्रद्धाही असली पाहिजे.

या श्रद्धेला ग्रंथरूप देणारा एक महत्त्वाचा लेखक मात्र बंगाली होता. भूदेव मुखोपाध्याय यांनी १८७५ मध्ये 'स्वप्नलब्ध भारतवर्षेर इतिहास' लिहिला. त्यात पानिपतावर मराठे जिंकतात आणि शाह आलम आपली बादशाही शिवाजीच्या वंशातील रामचंद्राकडे सोपवतो. भूदेव हे सरकारी शिक्षणखात्यातील अधिकारी होते. वर्तमानकाळात जे उच्चारणे अवघड होते, ते त्यांनी स्वप्नाच्या आडोशाने उच्चारले. मराठी मनाने जो दिवस शोकाचा मानला, तोच दिवस एका बंगाली लेखकाने राष्ट्राच्या आरंभासाठी निवडावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. मराठी वाचकाला ज्यात घराण्यांचा आणि सरदारांचा विनाश दिसतो, त्यात भूदेवांना साऱ्या भारतवर्षाची हुकलेली संधी दिसली.

हे स्वप्न उदार आहे, पण त्याच्या उदारतेलाही एक मोजपट्टी आहे. भारतभूमी ही हिंदूंची जन्मदात्री आणि मुसलमानांची दूध पाजून वाढवणारी माता, असे नाते भूदेव जोडतात. मुसलमान परके नाहीत, हे तेथे आग्रहाने सांगितले आहे. तरीही औरस आणि पालित हा भेद राहतोच. कल्पनेतील राष्ट्राची सीमा अशा वेळी नकाशावर शोधावी लागत नाही. ती नात्यांच्या शब्दांत सापडते.

सुमारे शंभर वर्षांनी जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तोच रणसंग्राम पुन्हा जिंकला गेला. विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि एका केसाच्या अंतराने एकोणिसावे शतक बदलते. दिल्लीची बादशाही नाममात्र उरते, कंपनीची सत्ता मोजक्या ठिकाणांपुरती राहते. पुण्याचे राज्यकर्ते विज्ञानाचे महत्त्व ओळखून स्वतःची केंद्रे उभारतात आणि पुढे विसाव्या शतकात सत्ता क्रमाने लोकनियुक्त संस्थांकडे जाते. येथे स्वप्नाची जागा गणिताने घेतली आहे. गतवैभवाचे गोडवे न गाता लेखक घटनांच्या अनिश्चिततेचा शोध घेतो. मात्र कथेच्या स्वाभाविक मर्यादेत ते शतक काही वाक्यांत उरकते. त्या पाठशाळांच्या बाकांवर कोणाची मुले बसली, हा त्या कथेचा विषय नाही.

तो प्रश्न ज्यांना विचारावासा वाटेल, त्यांना प्रत्यक्षातल्या एकोणिसाव्या शतकाकडे परतावे लागते. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची ही विद्यार्थिनी तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. पेशवाईत मांग-महारांनी काय सोसले, ते तिने त्या निबंधात मांडले आहे. पेशवाई १८१८ मध्ये संपली, तेव्हा ती जन्मलीही नव्हती. म्हणजे ज्यांनी ते दिवस पाहिले, अशा माणसांच्या आठवणींतूनच हे दुःख तिच्यापर्यंत पोचले असणार.

पानिपत जिंकले असते तर हा निबंध लिहिला गेला असता काय? याचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते, असे मात्र नाही. परकी सत्ता आली म्हणूनच मुक्ताला अक्षर मिळाले, असे म्हणणे हाही इतिहासावरचा अन्यायच ठरेल. तिला अक्षर मिळावे म्हणून फुले दांपत्याने काय सोसले, ते त्यात झाकले जाते. पुण्यातल्या वेगळ्या सत्तेखालीही कोणी जोतीराव निपजला असता, अशी कल्पना करण्यास कोणाची हरकत असू नये. पण त्याला विरोध कोणी केला असता आणि दाद कोणाकडे मागावी लागली असती, हेही मग त्याच कल्पनेत लिहावे लागेल.

पर्यायी इतिहासाचे खरे मोल त्या ठिकाणी ठरते. हुकलेली गोळी आणि टिकलेले सिंहासन यांपाशीच तो थांबला, तर तोतयाच्या बंडासारखी हरवलेल्या धन्याची वाट पाहण्यात त्याची शक्ती खर्ची पडते. पदव्युत्तर वर्गात नारळीकरांची कथा शिकवताना मुक्ताचा निबंध शेजारी ठेवला, तर त्या कथेतील आनंद कमी होत नाही. कथेला जे शतक थोडक्यात आटोपावे लागले, त्यात मुक्ताला कोणत्या बाकावर बसवायचे, हे विद्यार्थ्यांना स्वतः ठरवावे लागते.