उतरत्या झाकणाचे मेज

हबीबगंज, भोपाळ
कार्तिक शुद्ध पंचमी

ती. ताईस,


तुझे पत्र परवा पोहोचले. प्रकृतीविषयी दोन ओळी आणि आप्पांच्या मेजाविषयी दीड पान, यावरून तुझे मन कोठे गुंतले आहे ते उमगले. म्हणून इकडची बाकीची हकीकत बाजूस ठेवून मीही मेजाविषयीच लिहितो. जुन्या सामानाचे व्यापारी गेल्या आठवड्यात येऊन गेले. त्यांनी खण ओढून पाहिले, मागची फळी बोटांनी वाजवून पाहिली, आणि लाकूड अव्वल असल्याचा निर्वाळा देऊन मग सांगितले, की हे पुढचे तिरके तोंड आज कोणाच्या उपयोगाचे नाही. ते उतरवून, आतले कप्पे काढून वर सपाट फळी बसवली तर संगणक ठेवण्याजोगे उत्तम टेबल होईल आणि किंमतही दुप्पट येईल. मी त्यांना चहा दिला आणि नकार दिला. नकाराचे कारण त्यांना सांगता आले नाही, कारण ते उभ्या उभ्या सांगण्यासारखे नव्हते. तुला मात्र सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण मेजावर तुझा हक्क माझ्याइतकाच आहे.

नागपुरास सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याच्या लिलावात, स्वराज्य आले त्याच्या पुढच्या वर्षी, आप्पांनी ते घेतले, एवढेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते कोणी घडवले हे कोठेही लिहिलेले नाही. पण लाकूड स्वतःच पुष्कळ सांगते, आणि गेल्या पावसाळ्यात खण बाहेर काढून ते मी सावकाश पाहिले. इंग्लंडातला कारागीर अशा मेजाला दर्शनी भागी महागडे महोगनी लावी आणि खणांच्या पोटात पाइन किंवा ओक वापरी. आपल्या मेजाला आतबाहेर, तळापासून पाठीपर्यंत एकच सागवान आहे, आणि ज्या मुलखात सागवानच घरचे होते तिथल्याच मिस्त्रीला ही उधळपट्टी सुचेल. खणांच्या कोपऱ्यांतले पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, ज्यांना सुतार ‘डवटेल’ म्हणतात, एकासारखा दुसरा नाही. प्रत्येक सांधा पटाशीने डोळ्याच्या अंदाजावर कापलेला आहे. झाकणाच्या उजव्या बिजागरीतला एक मळसूत्री खिळा काढून पाहिला, तर त्याचे टोक बोथट. टोकदार मळसूत्री खिळे यंत्रावर घडू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्याआधीचे सारे असे बोथटच असत. म्हणून माझा अदमास असा, की ज्या काळी नागपुरावर भोसल्यांचा जरीपटका फडकत होता आणि रेसिडेंट सीताबर्डीला राहत होता, त्या काळी कोणा साहेबाने विलायती नमुना दाखवून ते करवून घेतले असावे.

डाव्या बिजागरीचे खिळे मात्र टोकदार आहेत, आणि त्याचे कारण मी आहे. तुला आठवत असेल, भोपाळला टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये एके दुपारी, आप्पा कचेरीत असताना, मी ते झाकण उघडले. अशा मेजाचे झाकण वरून खाली, आपल्या अंगावर उतरते, आणि ते उतरवण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या खाचांतल्या दांड्या पुढे ओढून घ्याव्या लागतात. उघडलेल्या झाकणाचा सारा भार त्या दोन दांड्यांनी पेलायचा असतो. मी दांड्या ओढल्या नाहीत. झाकण कोसळले, डावी बिजागरी फळीचा तुकडा घेऊन निघाली, आणि सबंध दौत सतरंजीवर सांडली. संध्याकाळी आप्पांनी आवाजदेखील चढवला नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आला, तेव्हा सरस वाळेपर्यंत ती फळी दोन्ही हातांनी दाबून धरण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. तो सांधा आजही बोटाला लागतो. व्यापारी त्याला दोष म्हणाले. मी तो आपल्या घराच्या दप्तरातला दाखला मानतो.

झाकणाच्या या उताराचा इतिहास मला जसा समजला आहे तसा लिहितो. आपल्या पेढ्यांवरच्या मुनिमांपुढे ठेंगणे, तिरक्या झाकणाचे डेस्क असते ना, तेच या घराण्यातले मूळ पुरुष म्हणायचे. त्याच्या झाकणाच्या बिजागऱ्या वरच्या कडेला. झाकण मिटलेले असताना त्याच्या उतारावर लिहायचे आणि उचलून पोटात वह्या ठेवायच्या. युरोपातही प्रथम असेच होते. पिसाच्या लेखणीला उतार मानवतो, कारण लेखणी आडवी धरता येते आणि शाई भसकन उतरत नाही. म्हणून मठांतले लेखक उभ्या चढणीसारख्या फळीवर लिहीत. पुढे ती तिरक्या झाकणाची पेटी पायांवर चढली, आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोणा कारागिराने तिच्या बिजागऱ्या वरच्या कडेवरून खालच्या कडेवर आणल्या. एवढाच बदल, पण त्याने सारे फिरले. आता लिहायचे ते उतारावर नव्हे, तर उतरून आडव्या झालेल्या झाकणाच्या आतल्या अंगावर. आणि जो उतार पूर्वी लेखकाच्या हाताची सोय होता, तो मिटलेल्या मेजाची केवळ मुद्रा होऊन राहिला. १७५४ मध्ये टॉमस चिपेनडेलने लंडनला आपल्या नमुन्यांचा ग्रंथ छापला तोवर हा घाट तिकडे घरोघर रुळला होता, आणि कंपनीच्या गलबतांबरोबर इकडेही आला. विशाखापट्टणमच्या कारागिरांनी तर त्याच शतकात हस्तिदंत जडवून, त्यावर रेषा कोरून आणि त्यांत काळी लाख भरून, अशी मेजे केली की ती आज लंडनच्या संग्रहालयांत आहेत. आपले मेज त्या घराण्यातले नव्हे. ते कामकरी मेज आहे, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो.

आपल्या लोकांना अशा मेजाची गरज पडली नाही याचेही मला पूर्वी नवल वाटे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला. ज्या समाजाला अक्षराच्या वळणाची इतकी आस्था, त्याने लिहिण्याचे आसन का घडवू नये? पण मोडीचा कारकून एक गुडघा उभा करून त्यावर लांबट बंद धरी आणि बोरूने सरसर लिहीत जाई. कागद त्याच्याबरोबर चाले, घोड्यावर चढे, छावणीत उतरे. या भोपाळच्या रणातच १७३७ च्या डिसेंबरात बाजीरावांनी निजामाला कोंडले आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याच्या मुक्कामी निजामाने माळव्याचा करार स्वदस्तुरे लिहून दिला. ते दोराहा येथून फार दूर नाही, आणि त्या वाटेने जाताना मला नेहमी वाटते, की एका सुभ्याचे भवितव्य ज्या कागदावर ठरले त्याच्याखाली बहुधा कसलेच मेज नसेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही ते कागद फडक्यांत बांधलेले आहेत, आणि त्या गाठोड्यांना रुमाल म्हणतात.

हे फडके माझ्या मनातून जात नाही. विलायतेत या मेजाला ‘ब्यूरो’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात फ्रेंचांच्या एका जाड्याभरड्या लोकरी कापडाचा. ते कापड लिहिण्याच्या टेबलावर अंथरीत, म्हणून टेबलाला ते नाव पडले, टेबलावरून खोलीला, खोलीवरून साऱ्या कचेरीला. आपला ‘दप्तर’ फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीकांकडून, जिथे त्याचा अर्थ कातडे. ‘बस्ता’ म्हणजे बांधलेले. राज्यकारभार ही केवढी अवजड गोष्ट. पण तिची नावे पाहिली तर ज्या कापडात, कातड्यात किंवा गाठीत तिचे कागद सांभाळले त्यांचीच आहेत. आप्पांच्या मेजाच्या दांड्यांवर, झाकणाला ओरखडा पडू नये म्हणून, हिरव्या बनातीच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. त्या आता कसरीने खाल्ल्या आहेत. नव्या लावायच्या तर बनातीच्याच लावीन.

आता छप्पन्न सालाविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी सुटली, आणि सरकारी नोकरांच्या वाटणीत आप्पांचे नाव भोपाळच्या यादीत आले. दिवाळीचे दिवस होते. सचिवालयाचे बस्ते ज्या मालगाड्यांनी आले तशाच एका गाडीने आपला संसारही आला, आणि त्यात हे मेज, झाकणाला कुलूप लावून, गोणपाटात शिवून. किल्ली आप्पांनी तुझ्या गळ्यात काळ्या गोफात घातली होती. तू चौदा वर्षांची होतीस, आणि इटारशीला रात्रभर गाडी थांबली तेव्हा झोपेतही तुझी मूठ त्या किल्लीवर मिटलेली मी पाहिली आहे.

मेजाच्या आत मधोमध एक लहानसे दार, त्याच्या दोन्ही बाजूंना कागद उभे ठेवण्याचे चार-चार कप्पे. नागपुरास १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी अशा दोन राजभाषा झाल्या होत्या, तेव्हापासून आप्पांनी डावीकडचे कप्पे मराठी मसुद्यांना आणि उजवीकडचे हिंदीला दिले होते. इंग्रजी मधल्या दाराआड. आचार्य रघुवीर त्या काळी नागपुरातच कारभाराचे नवे संस्कृत शब्द घडवीत होते, आणि आप्पा ‘जमाबंदी’, ‘तगाई’, ‘मखलाशी’ या शब्दांवर वाढलेले असूनही प्रत्येक नवा शब्द आदराने एका चिठ्ठीवर उतरून घेत. भोपाळला आल्यावर डाव्या कप्प्यांना सरकारी काम उरले नाही. ते काही काळ रिकामे राहिले. मग तुझे लग्न होऊन तू नागपुरास गेलीस, आणि तुझे पहिले पत्र आले ते आप्पांनी वाचून, तारीख टाकून, डावीकडच्या पहिल्या कप्प्यात ठेवले. पुढची चौतीस वर्षे ती बाजू तुझ्या पत्रांची होती. ती सगळी तिथेच आहेत.

आणि आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. व्हर्सायला पंधराव्या लुईसाठी एक मेज केले आहे. १७६० मध्ये काम सुरू होऊन ते १७६९ मध्ये पुरे झाले. त्याला गोलाकार सरकते झाकण आहे. राजा उठला की ते कागदांवरून सरकून मिटे, आणि पसारा होता तसाच खाली राही. आपल्या मेजाला ते साधत नाही. ज्या फळीवर लिहायचे तीच फळी झाकण, म्हणून तिच्यावर एक चिठ्ठी जरी राहिली तरी मेज मिटत नाही. दिवस संपवायचा तर प्रत्येक कागद उचलून त्याच्या जागी गेला पाहिजे: झालेला इकडे, अर्धवट तिकडे, ज्याचे उत्तर द्यायचे तो वरच्या कप्प्यात. आप्पा रोज रात्री साडेनवाला हे करीत. कोणत्या शेतकऱ्याच्या अर्जावर अजून शेरा मारला नाही हे त्यांना त्या वेळी कागद हातात घेऊनच कळे, कारण घरी आणलेले काम त्या उतारासमोर लपवता येत नसे. मग दौतीला बूच, फळीवरून एकदा पंचा, झाकण वर, दांड्या आत. दांड्या आत सरकल्याचा तो आवाज ऐकूनच आई देवापुढचा दिवा शांत करी. व्यापाऱ्यांना जे सपाट टेबल करायचे आहे त्यावर कागद वर्षानुवर्षे पडून राहू शकतील. तसली टेबले मी माझ्या नोकरीत आयुष्यभर पाहिली, आणि त्यांच्यावर ज्यांचे अर्ज पिवळे पडले ती माणसेही पाहिली.

तुझ्या नातवाने चोरकप्प्याविषयी विचारले होते. आहे. मधल्या दाराच्या दोन्ही बाजूंना जे कोरीव अर्धखांब दिसतात ते नुसती शोभा नव्हेत. उजवा खांब चिमटीत धरून पुढे ओढला की तो एका अरुंद उभ्या खणासकट बाहेर येतो. सत्तर वर्षे तो आपल्याला माहीत नव्हता. मी तो उघडला तेव्हा हात थरथरत होते. आत काहीही नव्हते. आप्पांना तो ठाऊक होता की नाही, न कळे. ठाऊक असून त्यांनी तो रिकामा ठेवला असेल असे मानणे मला आवडते.

तेव्हा मेज विकायचे नाही, तासायचे नाही, आणि चकचकीत पॉलिशही करायचे नाही. जवसाच्या तेलाचा एक हात पुरे. तुझ्या नातीला ते हवे असल्याचे तू लिहिलेस. ती कायद्याचा अभ्यास करते, म्हणजे कागद तिच्याकडे पुष्कळ येणार. अवश्य ने. तुझी पत्रे मात्र मी काढून ठेवणार नाही. ती डावीकडेच राहू देत, उजवी बाजू तिने वापरावी.

एवढेच, की मेज पुन्हा मालगाडीने जायचे तर झाकणाला कुलूप हवे, आणि किल्ली तुझ्याकडे आहे. आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात पाहा, लांब दांड्याची, वरचे कडे बदामी आकाराचे. येत्या महिन्यात भाचा इकडे येतो आहे, त्याच्याबरोबर पाठव. स्टेशनाचे नाव २०२१ च्या नोव्हेंबरात राणी कमलापती झाले आहे, तिकिटावर तेच असेल. पण बाहेर रिक्षावाल्याला हबीबगंज म्हटले तरी चालते. किल्ली लहान आहे, खिशातून पडेल. रुमालात बांधून, गाठ मारून दे.

लोभ असावा, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ