बाबांची फटफटी

बाबा गेल्यानंतर वर्षभर बुलेटवरची ताडपत्री कुणी काढलीच नाही. फरीदाबादच्या घरात जिन्याखाली ती उभी होती. रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, १९७२ साली, बाबांनी ती हौसेनं घेतली. तिच्या टाकीवर बसून थोरला मुलगा पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत जायचा. तो आता साठीला टेकला होता आणि गाडी पुन्हा चालू करायचीच, असा त्यानं हट्ट धरला होता.

चालू करणं तसं अवघड नव्हतं. दिल्लीत करोलबागेच्या नाईवालानमध्ये बुलेटचा कुठला भाग मिळत नाही? इंग्लंडमधल्या मूळ आराखड्यावर मद्रासला १९५५ पासून ही गाडी बनू लागली आणि बिडाच्या इंजिनाची बुलेट या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत थोड्याफार फरकानं तीच राहिली. त्यामुळे आजोबांच्या गाडीचा भाग नातवाच्या गाडीला बसतो, असं लोक म्हणतात. बसतो हे खरं. पण शोभतो का, हे इंजिन सुरू झाल्यावर कळतं.

मिस्त्रींनी इंजिन खोललं. सिलिंडर झिजलेला, पिस्टनवर ओरखडे, कनेक्टिंग रॉडचा बुश सैल. "साहेब, नंतरच्या मॉडेलचा अख्खा क्रँक टाकू, बेअरिंगवाला. कटकट मिटेल," ते म्हणाले. मुलालाही ते पटलं. कार्बुरेटर नवा आला, सहा व्होल्टऐवजी बारा व्होल्टचा अल्टरनेटर आला. घाईत जुने बल्ब तसेच राहिले आणि पहिल्याच चाचणीत उडाले. एक नट दोन आटे सुरेख चढला आणि तिसऱ्याला अडला. जोर लावला तेव्हा स्टडचे आटेच सोलून निघाले. स्टड जुन्या इंग्रजी मापाचा, नट मेट्रिक! डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दातेरी चक्रांचंही तसंच. जुनं आणि नवं एकमेकांत गुंतलं की ती कण्हू लागतात. वर्षानुवर्षं एकत्र झिजलेली जोडी फोडू नये, बदलायची तर दोन्ही बदलावीत, हे मिस्त्रींना ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाला घाई असली की मिस्त्रीही गप्प बसतो.

दिल्लीला अशा सरमिसळीचं वावडं कधीच नव्हतं म्हणा. चांदणी चौकात धावणाऱ्या फटफटी मुळात महायुद्धातल्या अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन होत्या. पुढे त्यांच्या पोटात डिझेल इंजिनं बसवली गेली. १९९८ च्या सुमारास प्रदूषणापायी त्या रस्त्यावरून गेल्या, तेव्हा त्यांत हार्लेचं नावापुरतंच काय ते उरलं असेल.

पण इथे प्रश्न नावाचाच होता. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या राजधानी परिसरात चालवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कायम केलं होतं. वाट एकच दिसत होती. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला मनाई. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

मुलानं तो नियम दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी मेट्रोनं करोलबाग गाठलं. "उस्ताद, सगळं परत काढा."

मिस्त्री चिडले नाहीत. बाबांचाच क्रँक पुन्हा बसला, बुश मात्र नवा. जुन्याच सिलिंडरला बोअर करून एक माप मोठा पिस्टन घातला. झीज भरून काढणं आणि इंजिन बदलणं यांत फरक आहे. क्रँककेसवरचा नंबर आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. सहा व्होल्टची वायरिंग परत आली. दिवा पुन्हा मिणमिणता झाला आणि खर्च दुप्पट.

गाडी टेम्पोतून घरी आली. अंगणात मुलानं किक हळूहळू दाबून अॅमीटरचा काटा मध्यावर आणला, डिकम्प्रेसर दाबला, सोडला आणि किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन बोललं. पूर्वी हा आवाज कोपऱ्यावर आला, की आई चहाचं आधण ठेवत असे. आता ती ओट्याला धरून हळूहळू बाहेर आली, दारात उभी राहिली, क्षणभर कान देऊन ऐकलं.

"टॅपेट वाजतंय रे," ती म्हणाली. "त्यांचंही वाजायचं."